दारात आलेले म्हातारपण : बेवारस वृद्ध कुत्र्याला आसरा देताना

मे महिना संपतो, किनाऱ्यावरचे शॅक उतरवले जातात, मेज-खुर्च्या आत जातात आणि पर्यटन हंगामभर उरल्यासुरल्या मासळीवर व पावावर जगलेली किनाऱ्यावरची कुत्री एकाएकी उपाशी पडतात. तरुण कुत्री चार दिवसांत नवी वाट, नवा उकिरडा शोधतात. म्हाताऱ्यांना ते जमत नाही. त्यांचे दात झिजलेले असतात, मागचे पाय साथ देत नाहीत आणि दुसऱ्या वाड्यावरची कुत्री त्यांना आपल्या हद्दीत शिरू देत नाहीत. मग पहिल्या पावसात एखाद्या घराच्या बाल्कांवावर, उभ्या गाडीखाली किंवा देवळाच्या मंडपात एक भिजलेला म्हातारा कुत्रा अंग चोरून बसलेला दिसतो. घरातले कोणी त्याला पावाचा तुकडा टाकते, कोणी पोते अंथरते. तिसऱ्या दिवशीही तो तिथेच असतो आणि काही न ठरवताच त्या घरावर एका जिवाची जबाबदारी आलेली असते.

पिल्लाला आसरा देणे आणि म्हाताऱ्या कुत्र्याला आसरा देणे यांत मोठा फरक आहे. पिल्लाला कायमचे घर मिळण्याची आशा असते. वृद्ध कुत्रा दत्तक घेणारे मात्र विरळा. प्राण्यांसाठीचे निवारे जखमी आणि आजारी जनावरांनी भरलेले असतात; तेथे केवळ म्हातारपण या कारणासाठी जागा मिळणे कठीण असते. त्यामुळे ‘तात्पुरता सांभाळ’ यातला ‘तात्पुरता’ हा शब्द बहुधा त्या कुत्र्याच्या उरलेल्या आयुष्याइतका लांबतो. हे ओळखून हाती घेतलेले काम पार पडते. न ओळखता घेतलेले काम काही आठवड्यांत त्या कुत्र्याला पुन्हा रस्त्यावर आणून सोडते आणि घराची सवय लागलेला म्हातारा कुत्रा तेथे फार काळ तग धरत नाही. म्हणून प्रारंभीच काही गोष्टी समजून घेणे हिताचे ठरते.

हा कुत्रा नेमका कोणाचा?

दारात आलेला प्रत्येक कुत्रा बेवारस नसतो. म्हातारपणी कुत्र्याची दृष्टी आणि ऐकू येणे मंदावते, दिशाभानही कमी होते. चतुर्थी-दिवाळीतले फटाके, नववर्षाची आतषबाजी किंवा मे-जूनमधला मेघगर्जनेचा पाऊस यांनी बिथरलेला पाळीव कुत्रा घरापासून बराच दूर जातो आणि परतीची वाट विसरतो. गळ्यावर पट्ट्याचा वण आहे का, नखे कापलेली आहेत का, गाडीचे दार उघडताच तो आत चढू पाहतो का, ‘बस’ म्हटल्यावर बसतो का, हे पाहावे. पशुवैद्याकडे यंत्र असल्यास त्वचेखाली मायक्रोचिप आहे का, हेही तपासून घ्यावे. छायाचित्र काढून आसपासच्या वाड्यांवर, दुकानांत आणि पंचायतीत विचारणा करावी. एखादी खूण मात्र मुद्दाम जाहीर करू नये. मालक म्हणून पुढे येणाऱ्याची खातरजमा त्याच खुणेवरून करता येते.

कानाच्या टोकाला खाच दिसली, तर त्या कुत्र्याचे निर्बीजीकरण झाले आहे आणि त्या वेळी त्याला रेबीजची लसही दिली गेली असावी, असा तिचा अर्थ. असा कुत्रा बहुधा कोणत्या तरी वस्तीचाच असतो. वर्षानुवर्षे एकाच नाक्यावर राहिलेला, चार घरांतून जेवणारा कुत्रा केवळ म्हातारा झाला म्हणून त्याला उचलून घरात कोंडणे नेहमीच हिताचे नसते. जागेवरच कोरडा आडोसा, नियमित अन्न-पाणी आणि औषध मिळाले, तर तो आपल्या ओळखीच्या जगात सुखाने राहू शकतो. घरात घेण्याची खरी गरज असते ती आजारी, जखमी, आंधळ्या किंवा इतर कुत्र्यांनी हुसकावलेल्या जनावराला.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या अकराव्या कलमानुसार, उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला शिक्षा आहे ती दहा ते पन्नास रुपये दंडाची. कित्येक दशकांपूर्वीचा हा आकडा आजही तसाच असल्याने म्हाताऱ्या कुत्र्याला लांबच्या रस्त्यावर सोडून येणाऱ्याला कायद्याचा धाक वाटत नाही. प्राण्याला ठार मारणे किंवा अपंग करणे यासाठी मात्र भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

भटक्या कुत्र्यांविषयीची कार्यपद्धती २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आहे. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्र्याला मूळ जागी परत सोडावे, हे त्यांचे मुख्य सूत्र. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात प्राणीप्रेमींना भटके कुत्रे दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली; त्याचबरोबर दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली. दया दाखवण्याची मोकळीक आहे, पण ती अर्ध्यावर सोडण्याची नाही, असा त्याचा सरळ अर्थ. त्यामुळे कुत्रा कायमचा राहणार असे दिसताच आपल्या पंचायतीत किंवा पालिकेत नोंदणीविषयी चौकशी करावी आणि लसीकरणाचे कार्ड आपल्या नावे करून घ्यावे.

पहिले काही दिवस : दया आणि दक्षता

२०२१ मध्ये गोवा हे रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. राज्य शासन आणि ‘मिशन रेबीज’ यांनी वर्षानुवर्षे वाड्यावाड्यांवर फिरून केलेल्या लसीकरणाचे ते फळ होते. एखाद्या भागातील किमान सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, या तत्त्वावर हे काम उभे आहे. तथापि, नियंत्रित म्हणजे निर्मूलित नव्हे. कुत्री सीमा पाहत नाहीत आणि रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणसाला वाचवणे जवळपास अशक्य असते. म्हणून अनोळखी कुत्र्याच्या बाबतीत सावधगिरीला पर्याय नाही.

विशेष लक्षात ठेवावे ते रेबीजचे शांत रूप. या रूपात कुत्रा पिसाळत नाही. तो मलूल होतो, जबडा लोंबतो, लाळ गळते आणि घशात हाड अडकल्यासारखे दिसते. कनवाळू माणूस नेमका अशाच वेळी त्याच्या तोंडात हात घालतो. तसे कदापि करू नये; थेट पशुवैद्याला कळवावे. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. कुत्रा ‘आपलाच’ किंवा ‘म्हातारा, गरीब’ आहे म्हणून लस टाळू नये.

घरात आधीपासून कुत्रे असेल, तर नव्या पाहुण्याला किमान दोन आठवडे वेगळे ठेवावे. डिस्टेंपरसारखे संसर्गजन्य आजार, खरूज आणि गोचिडी यांचा प्रसार त्यामुळे टळतो. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. त्याचे मूत्र साफ करताना हातमोजे घालावेत.

उपाशी जनावराला पहिल्याच दिवशी पोटभर खाऊ घालण्याचा मोह आवरावा. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न पोटात गेले, तर रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. मऊ भात किंवा पेज, त्यात उकडलेल्या कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे किंवा उकडलेले अंडे, असे थोडे थोडे अन्न दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे संत नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यातला भाव अवश्य ठेवावा, तूप मात्र टाळावे. स्निग्ध पदार्थांनी वृद्ध कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट त्याच्यासाठी विषारी आहेत. कालवणाचा भात कांद्यामुळे आणि मिठामुळे वर्ज्य. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होतात, म्हणून तीही नकोत.

वय किती असावे?

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, हा हिशेब ढोबळ आहे. कुत्रा पहिल्या वर्षातच वयात येतो. पुढे वाढीचा वेग मंदावतो. शिवाय मोठ्या चणीची कुत्री लहान चणीच्या कुत्र्यांपेक्षा लवकर म्हातारी होतात. आपल्याकडची मध्यम चणीची गावठी कुत्री साधारण आठव्या वर्षानंतर वृद्धत्वाकडे झुकतात, असे मानता येईल. दातांची झीज आणि त्यांवरचा कीटणाचा थर, तोंडाभोवतीचे पांढरे केस, पाठीच्या आणि मांड्यांच्या स्नायूंची झड या खुणांवरून पशुवैद्य वयाचा अंदाज बांधतात. रस्त्यावर दगड-हाडे चावलेल्या कुत्र्याचे दात अकाली झिजतात, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये.

डोळ्यांत दिसणारी निळसर-करडी झाक म्हणजे दरवेळी मोतीबिंदू नसतो. वयानुसार भिंग घट्ट झाल्यानेही ती येते आणि त्यात दृष्टी बरीचशी शाबूत राहते. मोतीबिंदूत मात्र भिंग पांढरे, अपारदर्शक होते. दोहोंतला फरक तपासणीतच कळतो.

दवाखान्यात काय तपासावे?

‘म्हातारपण आहे, चालायचेच’ या एका वाक्यामुळे अनेक बरे होण्याजोगे त्रास तसेच राहून जातात. म्हातारपण हा रोग नव्हे. त्याच्या आड रोग दडलेले असतात. आपल्या दमट हवेत गोचिडींमुळे होणारा एर्लिकिया आणि बॅबेसिया यांचा ताप सर्रास आढळतो. अशक्तपणा, फिकट हिरड्या, नाकातून रक्त ही त्याची लक्षणे. वेळीच निदान झाले तर औषधांनी तो आटोक्यात येतो. म्हणून पहिल्याच भेटीत रक्ताची सर्वसाधारण तपासणी, गोचीड-तापाची चाचणी आणि मूत्रपिंड-यकृताची चाचणी करून घ्यावी. मूत्रपिंडाचे सुमारे तीन-चतुर्थांश काम थांबेपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन वाढत नाही, म्हणून लघवीची तपासणीही तितकीच महत्त्वाची.

घरी करता येण्याजोगी एक साधी नोंद पशुवैद्याला फार उपयोगी पडते. सकाळी पाणी मोजून भांड्यात ओतावे आणि दुसऱ्या दिवशी उरलेले मोजावे. दिवसाला प्रत्येक किलो वजनामागे शंभर मिलिलिटरपेक्षा अधिक पाणी, म्हणजे पंधरा किलोच्या कुत्र्याने दीड लिटरहून अधिक पाणी पिणे, हे मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा अन्य आजाराचे लक्षण असू शकते. निर्बीजीकरण न झालेली मादी खूप पाणी पीत असेल, मलूल असेल आणि योनीतून स्राव होत असेल, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. झोपेत मिनिटाला तीसपेक्षा अधिक श्वास पडत असतील आणि खोकला असेल, तर हृदयाची तपासणी करून घ्यावी.

आणखी एक आजार पाहणाऱ्याला भेदरवून टाकतो. वृद्ध कुत्र्याची मान अचानक एका बाजूला कलते, तो गोल गोल फिरतो, तोल जाऊन पडतो, त्याची बुबुळे झरझर हलतात. अर्धांगवायू झाला किंवा कुत्रा पिसाळला, असे समजून त्याला मारून टाकण्याचा सल्लाही दिला जातो. पुष्कळदा हा कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो आणि काही दिवसांत ते कुत्रे पुन्हा चालू लागते. निदान पशुवैद्याने करावे. घाई करू नये.

माणसांची वेदनाशामके कुत्र्याला मुळीच देऊ नयेत. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होतात; पॅरासिटामॉलही घातक ठरू शकते. गोचिडींवर किंवा किडे पडलेल्या जखमेवर रॉकेल, पेट्रोल ओतणे हा तर निव्वळ छळ आहे.

म्हाताऱ्याला साजेसे घर

गेल्या पावसाळ्यात बार्देशातल्या आमच्या वाड्यावर असाच एक करडा कुत्रा आला. चालण्यातला तोरा पाहून शेजाऱ्यांनी त्याचे नाव ‘पात्रांव’ ठेवले आणि अर्थातच तो मुक्कामाला आमच्याकडे राहिला. पंधरा दिवसांत त्याची सोय लावू, असे घरात ठरले होते. तो आठ महिने राहिला. या काळात ध्यानात आले ते असे की, त्याला लागणाऱ्या गोष्टी महागड्या नव्हत्या, पण नेमक्या होत्या. गुळगुळीत लादीवर त्याचे मागचे पाय फाकत. जुन्या सतरंज्या आणि पायपुसणी सलग अंथरल्यावर तो न अडखळता चालू लागला. पोते पावसात दमट राहून कुबट होई, म्हणून जमिनीपासून वीतभर उंच फळीवर जाड गादी घातली. ऐकू येत नसल्याने कोणी मागून हात लावला की तो दचकून दात दाखवी. समोरून यावे, आधी हात हुंगू द्यावा, झोपेत शिवू नये, हे घरातल्या मुलांना शिकवावे लागले. आंधळ्या कुत्र्याच्या घरात सामानाची जागा बदलू नये, हाही त्यातलाच धडा.

रात्रीचे भटकणे हा अनेक घरांत कुरबुरीचा विषय होतो. कोपऱ्यात तोंड करून उभे राहणे, दिवसा झोपणे आणि रात्री येरझारा घालणे, माणसे न ओळखणे ही मेंदूच्या वार्धक्याची लक्षणे असू शकतात. जेवणाच्या आणि फिरण्याच्या ठरावीक वेळा, रात्री मंद दिवा आणि पशुवैद्याने सुचवलेले औषध यांनी हा त्रास कमी होतो. अचानक घरात होऊ लागलेली लघवी हा हट्ट नव्हे. तो सांध्यांचा, मूत्रपिंडाचा किंवा स्मृतीचा प्रश्न असतो. कुत्र्याला रागावून तो सुटत नाही.

वृद्ध कुत्रा क्वचितच कण्हतो. उठायला लागणारा वेळ, पायरीपाशी थबकणे, एकच सांधा सतत चाटणे, खाताना घास पडणे ही त्याची दुखण्याची भाषा आहे. सांधेदुखीवर कुत्र्यांसाठीची सुरक्षित औषधे उपलब्ध आहेत आणि दुखणारा दात काढल्यावर कित्येक ‘खडूस’ म्हातारे पुन्हा शेपटी हलवू लागतात.

‘तात्पुरते’ म्हणजे किती?

एखाद्या संस्थेच्या वतीने सांभाळ करत असल्यास चार गोष्टी लेखी ठरवाव्यात : औषधोपचाराचा खर्च कोणाचा, अपरात्री कोणाला कळवायचे, सांभाळणाऱ्याला गावाला जावे लागल्यास कुत्रा कोठे राहील आणि शस्त्रक्रिया किंवा दयामरणाचा निर्णय कोण घेईल. संस्था नसेल, तर याच चार प्रश्नांची उत्तरे कुटुंबाने एकत्र बसून द्यावीत. सांभाळाचा भार बहुतेक घरांत एकाच व्यक्तीवर, विशेषतः घरी असणाऱ्या स्त्रीवर पडतो. ते गृहीत धरू नये. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाशी आधीच बोलावे.

दत्तक देण्याचा प्रयत्न जरूर करावा. त्यासाठी लिहिताना वय आणि आजार लपवू नयेत. ‘दहाएक वर्षांचा, शांत, दिवसातून दोन गोळ्या लागतात, मांजरांशी जमते’ असा प्रामाणिक मजकूर योग्य घरापर्यंत पोचण्याची शक्यता अधिक असते. निवृत्त जोडप्यांना किंवा ज्यांच्याकडे पिल्लामागे धावण्याचे त्राण नाही, अशांना असा कुत्रा अनेकदा मानवतो.

आणि कधी कधी दत्तक देण्याचा प्रश्नच उरत नाही. पात्रांवची मूत्रपिंडे आली तेव्हाच निम्म्याहून अधिक थकलेली होती. त्याच्या शेवटच्या महिन्यात पशुवैद्यांनी आम्हाला एक वही करायला सांगितली : तो स्वतःहून जेवला का, उठून बाहेर गेला का, आपल्याला पाहून त्याने मान वर केली का. चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवसांची संख्या वाढली की निर्णय घ्यावा, एवढेच ते म्हणाले. ही पद्धत कोणालाही वापरता येईल. असाध्य आणि यातनामय अवस्थेत पशुवैद्याच्या हातून दिलेले वेदनारहित दयामरण कायद्याला मान्य आहे. पशुवैद्याशिवाय अन्य कोणी तसा प्रयत्न करणे मात्र गुन्हा आणि क्रौर्य दोन्ही होय.

प्रत्येकाने म्हातारा कुत्रा घरात घ्यावा, असे कोणी म्हणणार नाही. ज्यांना शक्य नाही, त्यांनी औषधाचा खर्च उचलावा, गाडीने दवाखान्यात पोचवावे किंवा शेजारच्या सांभाळणाऱ्याला आठवड्यातून एक दिवस मोकळीक द्यावी. तालुक्यांतील शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने आणि राज्यातील प्राणीसंस्था यांच्याकडे मार्गदर्शन मिळते. त्यांचे दूरध्वनी क्रमांक गरज पडण्याआधीच टिपून ठेवावेत. शॅक दरवर्षी उतरतील, पाऊसही दरवर्षी येईल. तेव्हा बाल्कांवावर येऊन बसलेल्या त्या करड्या तोंडाकडे पाहून पहिल्या दिवशीच स्वतःला विचारावे की, याच्यासाठी आपण नेमके काय करू शकतो आणि कुठवर. उत्तर लहान असले तरी चालेल. दिलेले मात्र शेवटपर्यंत पाळावे.